कागलची स्विफ्ट, टिळकवाडीची अल्टो आणि बाबांचे गुडघे

पत्र : नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, उद्यमबागेत फाउंड्रीत नोकरीला आहे. बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बेळगावला न्यावं लागतं. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. भाड्याची व्हॅन एका खेपेला हजार रुपये घेते आणि मुसळधार पावसात ड्रायव्हर फोनच उचलत नाही. म्हणून जुनी गाडी घ्यायचं ठरवलंय. भिशीचे दीड लाख आलेत, सोसायटीतून एक लाख मिळतील. अडीचच्या वर एक रुपया नाही. तीन गाड्या समोर आहेत. कागलच्या मामेभावाची २०१३ ची डिझेल स्विफ्ट, एमएच ०९ पासिंग, २ लाख ३० हजार. त्यानं ती २०२२ मध्ये सांगलीकडून घेतली होती. पैसे दोन हप्त्यांत दिले तरी चालतील म्हणतो. दुसरी बेळगावातल्या एका डीलरकडची २०१५ ची वॅगन आर, केए २२, २ लाख ४५ हजार. तिसरी टिळकवाडीतल्या एका निवृत्त शिक्षकांची २०१५ ची अल्टो के१०, २ लाख १० हजार. बंपरला ओरखडे आहेत, एसी थोडा मंद आहे. दाजी म्हणतात डिझेलच घे, अ‍ॅव्हरेज मिळतं. आई म्हणते भावाच्या पोराचं मन मोडू नको. बायकोला अल्टो पटलीय. मला गाडीतलं काही कळत नाही. काय करू?

उत्तर :

आधी एक गोष्ट सांगतो, कारण पत्रातून तुमच्या मनातली धाकधूक जाणवली. गाडी घ्यायचा तुमचा निर्णय बरोबर आहे, त्यात हौस नाही. महिन्याला आठ-नऊ खेपा म्हणजे आठ-नऊ हजार रुपये आजही तुमच्या खिशातून जातातच, आणि ऐन पावसात माणूस दारात अडकून बसतो तो वेगळा. डायलिसिसची वेळ चुकवून चालत नाही. तेव्हा गाडी घ्या, फक्त ती घेताना घाई करू नका. व्हॅनवाल्याला आणखी महिनाभर पैसे गेले तरी चालतील, चुकीच्या गाडीत दोन लाख अडकलेले चालणार नाहीत.

मी तीस वर्षं बेळगावात गॅरेज चालवलं. माझ्याकडे रडत आलेली बहुतेक माणसं गाडी वाईट निघाली म्हणून आली नव्हती. हातातले सगळे पैसे गाडीच्या किमतीतच घातल्यामुळे आली होती. म्हणून अडीच लाख ही गाडीची किंमत धरू नका, सगळा खर्च मिळून अडीच लाख धरा. जुनी गाडी कितीही चांगली असली तरी पहिल्या महिन्यात तिला हात लावावाच लागतो. ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी, एखाद-दोन टायर, कधी क्लच. वर नावावर करण्याचा आणि विम्याचा खर्च असतो. माझ्या हिशेबानं चाळीस हजार वेगळे काढून घरात ठेवा, आईच्या हातात द्या. म्हणजे गाडी २ लाख १० हजारांतली. एवढं ठरवलंत की तीनपैकी दोन गाड्या आपोआप मागे पडतात, तरी तिन्हींबद्दल बोलू, कारण मामेभावाला नाही म्हणायला तुम्हाला कारण हवं आहे.

आपल्या भागात नात्यागोत्याला सीमा नाही. सून चंदगडची, मामा कागलचा, लेक दिली निपाणीला. गाडीला मात्र सीमा आहे. कोगनोळीचा नाका ओलांडून एमएच ०९ ची गाडी कायमची इकडे आली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे बारा महिन्यांच्या वर ती जुन्या नंबरावर ठेवता येत नाही, इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी कोल्हापूरच्या आरटीओकडून फॉर्म २८ भरून ना-हरकत आणायची, मग आपल्या आरटीओत फॉर्म २७, आणि त्यासोबत कर्नाटकाचा आजीव कर. हा कर देशातल्या चढ्या करांपैकी एक आहे. नव्या गाडीला ५ लाखांपर्यंत १३ टक्के, ५ ते १० लाखांच्या गाडीला १४ टक्के असा हिशेब गेली कित्येक वर्षं चालत आलाय, त्यावर उपकर वेगळा. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते, पण मोजताना तुम्ही भावाला दिलेले २ लाख ३० हजार धरत नाहीत, गाडी नवी असतानाची किंमत धरतात. म्हणजे स्वस्तात मिळालेल्या गाडीचा कर काही स्वस्त होत नाही. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, पण तो मिळायला किती हेलपाटे पडतील ते तुमच्या सुट्ट्यांवर अवलंबून. तो पैसा हिशेबात धरू नका. नेमका आकडा हवा असेल तर आरसीची झेरॉक्स घेऊन आरटीओत जा आणि खिडकीवर विचारा. एजंटाच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कितीतरी एमएच गाड्या वर्षानुवर्षं तशाच फिरतात. फिरतात, मला ठाऊक आहे. पण तुम्ही आठवड्यातून दोनदा त्याच रस्त्यानं, त्याच दवाखान्यात जाणार. एखाद्या दिवशी तपासणीला अडवलं आणि मागच्या सीटवर थकलेले बाबा आहेत, तेव्हा दंडापेक्षा तो अर्धा तास जड जाईल.

आणि आईला एक गोष्ट समजावून सांगा. गाडी तुमच्याकडे आणि आरसी मामेभावाच्या नावावर, असं राहिलं आणि उद्या अपघात झाला, तर भरपाईची नोटीस त्याच्या दारात जाते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय : ज्याचं नाव नोंदीत, तो मालक, मग गाडी त्यानं कुणालाही विकलेली असो. म्हणजे नाव न बदलता गाडी घेण्यात भावाचाच जीव टांगणीला लागतो. मन मोडणं याला म्हणायचं की त्याला म्हणायचं, हे आईलाच ठरवू द्या.

स्विफ्टबद्दल माझी दुसरी शंका याहून मोठी आहे. गाडी २०१३ ची, तुमच्या भावाकडे आली २०२२ ला, तीही सांगलीकडून. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ती कुठे उभी होती? ते दोन महिने आपण कुणी विसरलेलो नाही. कृष्णा, पंचगंगा, वेदगंगा, दूधगंगा पात्राबाहेर पडल्या, यमगर्णीजवळ पाणी आल्यानं महामार्ग बंद पडला, सांगली-कोल्हापूरच्या गल्ल्यांत आणि चिक्कोडी-रायबाग-अथणीच्या नदीकाठच्या गावांत दिवसेंदिवस पाणी राहिलं. त्या पाण्यात माणसांची घरं गेली, तशा गाड्याही बुडाल्या. काही भंगारात गेल्या, काही धुऊन, वाळवून, सीट कव्हर बदलून बाजारात आल्या. तुमचा भाऊ फसवतोय असं मी मुळीच म्हणत नाही. त्यालाही कुणी सांगितलं नसेल.

२०१९ नंतर वर्षभरानं माझ्याकडे निपाणीकडची एक गाडी ओढून आणली होती. नवरा-बायको, दोन लहान मुलं. रात्री आंबोली घाटातून परतताना वळणावर दिवे एकाएकी गेले. कसेबसे कडेला थांबले. मी डॅशबोर्ड खोलला, तर आत वायरिंगच्या जोडांवर नदीचा बारीक गाळ बसलेला, पिठासारखा, आणि पिना हिरव्या पडलेल्या. विकणाऱ्यानं पुराचा शब्दही काढला नव्हता. त्या माणसानं मला एकच विचारलं, मालक, हे घेताना कळलं असतं काय? कळलं असतं. दहा मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ही दहा मिनिटं सांगत आलोय.

सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणारे लोक पट्ट्याचा दिसणारा भाग धुतात, गुंडाळीच्या आतला भाग तसाच राहतो. तिथे मातकट रेघ किंवा कुबट वास असेल तर तिथूनच मागे फिरा. मग डिकीतली स्टेपनी काढून खालचा खळगा बघा, पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून उचलून बोट फिरवा, सीटच्या रुळांवर आणि डॅशबोर्डाखालच्या स्क्रूंवर गंज आहे का बघा. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ किंवा धुकट डाग दिसला तरी सावध व्हा. गाडीत जास्तच सुवासिक अत्तर मारलं असेल तर काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. खानापूरकडच्या गाडीत तांबडी माती मिळणारच, तिला घाबरू नका, ती पायदानावर असते. पुराचा गाळ करडा आणि बारीक असतो, आणि जिथे पाय पोचत नाहीत तिथे सापडतो.

आता दाजींचं डिझेल. दाजी चुकीचं सांगत नाहीत, महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर फिरणाऱ्याला ते सांगतायत. तुमचा हिशेब मांडू. दवाखाना, बाजार, पावसातलं कामावर जाणं धरून महिन्याला सातशे किलोमीटर. पेट्रोल गाडीनं १८ चं अ‍ॅव्हरेज दिलं तर ३९ लिटर, लिटरला १०० च्या थोडं वर धरा, चार हजार. डिझेलनं २० दिलं तर ३५ लिटर, नव्वदच्या आसपास दर धरून ३,१५०. महिन्याला आठ-साडेआठशे वाचले, वर्षाला दहा हजार. दहा-बारा वर्षांच्या डिझेल गाडीचे इंजेक्टर, टर्बो नाहीतर क्लच, यातलं एक काम निघालं की वर्षाची बचत गेली, कधी दोन वर्षांची. स्विफ्टचं ते १.३ लिटरचं इंजिन दणकट आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते भरपूर चालवणाऱ्याचं इंजिन आहे. सीएनजीबद्दल विचारलं नाहीत, तरी एका वाक्यात सांगतो : बाहेरून बसवलेलं किट आरसीवर नोंदलेलं नसेल आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालेली नसेल तर त्या गाडीत आजारी माणूस बसवू नका.

डीलरची वॅगन आर मी लगेच नाकारणार नाही. गाडी म्हणून तुमच्यासाठी तीच जात योग्य आहे, का ते पुढे सांगतो. पण २ लाख ४५ हजार तुमच्या आवाक्याबाहेर आहे, आणि वर ते डीलरचं दुकान आहे. २०२३ च्या एप्रिलपासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरनं आरटीओचं अधिकृतता पत्र घेणं नियमात आलंय. ते दाखवा म्हणा. त्यांच्याकडे गाडी येते तेव्हा मूळ मालकानं ती सोपवल्याची नोंद पोर्टलवर व्हायला हवी. ती झालेली नसेल आणि "सह्या केलेले फॉर्म तयार आहेत, तुम्ही फक्त नाव घाला" असं उत्तर आलं, तर तुम्ही मालकाकडून नाही, एका बंडलाकडून गाडी घेताय. मालक कोण, तो कुठे आहे, त्यानं का विकली, हे त्याच्याच तोंडून फोनवर तरी ऐकायला हवं. मीटरही तपासा. दहा वर्षांच्या गाडीवर अडतीस हजार किलोमीटर दिसत असतील तर ब्रेकच्या पायपट्टीचं रबर बघा, स्टिअरिंगचा घासलेला भाग बघा, ड्रायव्हरच्या सीटची कड बघा. पायपट्टी गुळगुळीत आणि मीटर कोवळा, हे जुळत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या सर्व्हिसच्या नोंदी असतात, मालकाच्या मदतीनं त्या काढता येतात. कॅम्पातल्या एखाद्या लष्करी माणसाची गाडी खरंच कमी चाललेली असू शकते, पण तिच्या नोंदीही तेवढ्याच नीट असतात.

एक सावधगिरी गोव्याकडून येणाऱ्या गाड्यांबद्दल. चोर्ला उतरून तिकडे स्वस्त गाड्या बघायला बरेच जण जातात. समुद्राच्या खाऱ्या हवेत खालचा पत्रा गंजतो, आणि काही गाड्या आधी पर्यटकांना भाड्यानं दिलेल्या असतात. आणि परत तोच आजीव कर. तुमच्यासाठी तो रस्ता नको.

राहिली टिळकवाडीची अल्टो. कागदावर तीनपैकी हीच चांगली : केए पासिंग, मालक समोर, किंमत बजेटात. बंपरच्या ओरखड्यांना मी उलट चांगलं म्हणेन. विकायच्या आधी सगळी गाडी रंगवून चकाचक करणाऱ्यापेक्षा ओरखडे तसेच ठेवणारा माणूस मला बरा वाटतो. इंजिन वॅगन आरचंच आहे, ९९८ सीसी, तीन सिलिंडरचं, त्यामुळे जागेवर उभं असताना थोडं थरथरतं. तो दोष नाही, त्यावरून कुणी भाव पाडतो किंवा घाबरवतो तर ऐकू नका. या के१० इंजिनात टायमिंगला चेन आहे. साध्या अल्टो ८०० ला पट्टा असतो, तो वेळेवर बदलावा लागतो. के१० ला ती काळजी नाही.

ती बघायला सकाळी जा, दिवसाउजेडी, आणि पाऊस नसताना. ओल्या पत्र्यावर रंगाचा फरक दिसत नाही. शिक्षकांना आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा, थंड असायला हवा. थंड इंजिन पहिल्या दोन सेकंदांत जे सांगतं ते गरम झाल्यावर लपवतं. सुरू झाल्यावर मागे उभं राहून धूर बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. थंडीत थोडी वाफ येते ती जाते, पण गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट आत जातंय. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, ताकाच्या रंगाचा थर असेल तर हेडचं काम आहे, आणि तुमच्या चाळीस हजारांतला मोठा वाटा तिथेच जाईल.

पत्र्यासाठी दारांचं रबर थोडं ओढून आतली कड बघा. कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे एका रांगेत, एकसारखे असतात. कुठे ते गायब आहेत, कुठे लांबी भरून घासल्यासारखं आहे, तर त्या बाजूनं गाडी ठोकलेली आहे. दार किंवा मडगार्ड बदललेलं असलं तर चालेल, आपल्याकडच्या गल्ल्यांत कुणाची गाडी घासलेली नाही? पण बोनेटखालच्या मुख्य पट्ट्या किंवा दारांमधले खांब ओढून सरळ केलेले असतील तर नको. काचांच्या कोपऱ्यात बारीक खुणा असतात, सगळ्या काचा एकाच सालाच्या आहेत का बघा. टायरवर चार आकडे सापडतील, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर जुना असला तर गाडी सोडू नका, भाव कमी करा.

मग चालवून बघा, आणि गल्लीतल्या गल्लीत नाही. तिसऱ्या रेल्वे गेटवरून उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छेपर्यंत खानापूर रस्त्यानं जा, हाच तुमचा रोजचा रस्ता. परतताना वेळ असेल तर येळ्ळूरला वळून राजहंसगडाचा चढ घ्या. दुसऱ्या गिअरवर चढताना इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच संपलाय. उताराला ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का बघा. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, टक-टक आवाज आला तर एक्सलचा जॉइंट. शॉकअप, बुश, लिंक रॉड यांचा आवाज आपल्या रस्त्यांवर प्रत्येक जुन्या गाडीला येतो, तो दुरुस्तीचा खर्च आहे, दोष नाही. एसी मंद आहे तो का, हे तपासून घ्या. गॅस भरायचा असेल तर थोडक्यात भागतं, कॉम्प्रेसर गेला असेल तर ते पैसे किमतीतून वजा व्हायला हवेत. डायलिसिस करून बाहेर आलेल्या माणसाला दुपारच्या उन्हात एसी लागतो.

मेस्त्री सोबत न्याच. तुमच्या ओळखीचा न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. हजार-दीड हजार रुपये द्या, आधी द्या, आणि गाडी घेतली किंवा न घेतली तरी हे पैसे तुझेच, असं सांगा. नाहीतर सौदा झाला तरच चार पैसे मिळतील या आशेनं चांगला मेस्त्रीसुद्धा दोष सौम्य करून सांगतो.

पण या सगळ्याआधी बाबांना अल्टोत बसवून बघा. तुमच्या पत्रात अ‍ॅव्हरेज आहे, किंमत आहे, मन आहे, बाबांचे गुडघे नाहीत. अल्टो आणि स्विफ्ट दोन्ही बुटक्या. बसायला खाली वाकावं लागतं, उठताना गुडघ्यावर जोर येतो. वॅगन आर उंच. माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो आणि पाय बाहेर टाकून उठतो. डायलिसिसनंतर अंगात त्राण नसतं, रक्तदाब उतरलेला असतो, तेव्हा हा वीतभर उंचीचा फरक फार मोठा. म्हणून वॅगन आरची जात योग्य म्हणालो. बाबा अल्टोच्या पुढच्या सीटवर आधाराशिवाय बसले-उठले तर अल्टो घ्या आणि विषय संपवा. त्यांना जड गेलं तर अल्टो कितीही चांगली असो, सोडा. मग २०१३-१४ ची, केए पासिंगची, घरगुती मालकाची वॅगन आर २ लाख १० हजारांत शोधा. एखादं वर्ष जुनी मिळेल, पण चालेल. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर पाच वर्षांसाठी पुन्हा करायला २०२२ च्या एप्रिलपासून पाच हजार रुपये शुल्क झालंय, शिवाय तपासणी. २०१३ ची गाडी घेतलीत तर २०२८ ला तो खर्च येईल हे डोक्यात ठेवा. दोन सारख्या गाड्यांतून निवडायची वेळ आली तर एअरबॅग असलेली घ्या. ड्रायव्हरची एअरबॅग २०१९ च्या जुलैपासून सक्तीची झाली, त्याआधीच्या गाड्यांत काहींत आहे, काहींत नाही.

कागदांचं आता. विसार देण्याआधी एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाका. मालकाचं नाव (काही अक्षरं झाकलेली), विम्याची तारीख, कर्जाचा बोजा आहे का, हे दिसतं. थकलेली चलनं ई-चलनच्या साइटवर बघा. बोजा असेल तर बँकेचा किंवा सोसायटीचा दाखला आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आपल्याकडे सोसायट्यांची कर्जं भरपूर आणि "कर्ज कधीच फिटलं" म्हणणारे मालकही भरपूर, पण आरसीवरचा बोजा तोंडानं उतरत नाही. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. फॉर्मवर कोरी जागा ठेवून सही करू नका, तारीख घाला. करारपत्र बहुतेक वेळा कन्नडमध्ये टाइप केलेलं मिळेल. वाचता येत नसेल तर वाचणारा माणूस सोबत न्या आणि प्रत्येक ओळ मराठीतून ऐका. यात लाजण्यासारखं काही नाही. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ, दोघांच्या सह्यांसह, एका कागदावर लिहून ठेवा.

पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्यावर रोख घेणाऱ्याला आयकर कायद्यानं दंड होतो, शिक्षकांना तुम्ही अडचणीत आणू नका. विमा नावावर करायला चौदा दिवस असतात. शिक्षकांची नो-क्लेम सूट (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी) तुम्हाला मिळणार नाही, ती त्यांची. २०२२ च्या जूनपासूनच्या दरानं हजार सीसीपर्यंतच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा वर्षाला २,०९४ रुपये अधिक कर, स्विफ्टसारख्या मोठ्या इंजिनाला ३,४१६. पहिलं वर्ष तरी पूर्ण विमा घ्या असं मी म्हणेन. बाबांची गाडी अपघातानं महिनाभर उभी राहिली तर दुरुस्तीचे पैसे कुठून आणणार?

मामेभावाला फोनवर नाही, कागलला जाऊन सांगा. "दादा, गाडीत काही वाईट नाही, पण एमएच पासिंग इथे करून घेणं आम्हाला झेपत नाही, आणि तुझ्या नावावर गाडी ठेवून तुला अडकवायचं नाही." हे खरंच कारण आहे, बनवून सांगितलेलं नाही, त्यामुळे त्याला लागणार नाही. जाताना आईला सोबत न्या. तिनं स्वतः सांगितलं तर आणखी बरं.

आणि शिक्षकांकडे बाबांना डायलिसिसच्या आदल्या दिवशी नेऊ नका, तेव्हा त्यांना सूज असते, दम लागतो. डायलिसिस झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी न्या. ते कमरेमागे नेहमी जी उशी घेतात ती सोबत असू द्या, आणि दार त्यांना स्वतःला उघडू द्या.